ओळख आणि वशिला
(नभोवाणीवरील भाषण)

मराठी मध्यमवर्गीय घरात ‘ओळख’ हा शब्द फार दिवसांपासून संशयास पात्र झालेला आहे. शेजारच्या मुलाला चांगली जागा मिळाली आणि ‘त्याच्या वडिलांची तेथे ओळख होती’ असे कोणी म्हटले, की ऐकणाराने जे समजावयाचे ते तो समजून चुकतो. म्हणूनच स्वाभिमानी घरांतून मुलांना बाळपणापासून एकच शिकवण मिळते : अभ्यास करावा, गुण मिळवावेत, कोणाच्या दारी जाऊ नये. ही शिकवण उदात्त आहे यात शंका नाही. परंतु विज्ञानाच्या विद्यार्थ्याचे तिच्यापायी जे नुकसान होते, त्याचा जमाखर्च सहसा कोणी मांडीत नाही.

वस्तुतः ओळख आणि वशिला या दोन अगदी निराळ्या गोष्टी होत. वशिला माणसाचे काम न पाहता त्याला पुढे सरकवितो. किंबहुना काम पाहिले जाऊ नये एवढ्यासाठीच तो लावावयाचा असतो. विज्ञानातील ओळखीचा आरंभ याच्या नेमका उलट आहे. ती कामापासून सुरू होते : कोणी एक निबंध वाचतो, त्याला प्रश्न पडतो, तो लेखकाला विचारतो, आणि त्या प्रश्नावरून विचारणाराची पारख होते. विद्यार्थ्यांच्या तोंडी हल्ली ‘नेटवर्किंग’ हा शब्द बसला आहे. त्या शब्दाला बाजाराचा थोडा वास येतो खरा, पण त्यामागील वस्तू विज्ञानाइतकीच जुनी आहे.

छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात तर हा प्रश्न विशेषच निकडीचा ठरतो. हे शहर औरंगाबाद या नावाने हैदराबाद संस्थानात होते, तेव्हा येथे इंटरमीजिएट कॉलेज निघाले ते १९२३ साली. पुढची पदवी हवी असणाऱ्या मुलाला हैदराबाद तरी गाठावे लागे किंवा पुण्या-मुंबईचा रस्ता धरावा लागे. संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. १९९४ पासून त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. म्हणजे मुंबई विद्यापीठ शंभरी ओलांडीत होते तेव्हा हे विद्यापीठ पाळण्यात होते.

या उशिराचा परिणाम केवळ इमारती आणि उपकरणे यांवर झाला असता तर तो पैशाने भरून निघाला असता. तो झाला घरांवर. पुण्याच्या पाषाण भागात वाढणाऱ्या मुलीच्या शेजारी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील कोणी राहत असतो. शिष्यवृत्तीची परीक्षा कोणती, प्रवेशाचे अर्ज केव्हा सुटतात, कोणत्या प्रयोगशाळेत कोणते काम चालते, हे तिच्या कानांवर जेवणाच्या पानावर पडते. कन्नड, पैठण किंवा वैजापूर तालुक्यातून विद्यापीठाच्या वसतिगृहात आलेली मुलगी गुणांत तिच्याहून उणी नसते. मात्र घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच. तिला अर्जाची तारीख कळते ती बहुधा उलटून गेल्यावर. एम.एस्सी.ची दोन वर्षे अशी हां हां म्हणता निघून जातात, आणि मग घरी विचारणा सुरू होते की, आता पुढे काय? त्या प्रश्नाला सांगण्याजोगे उत्तर तिच्यापाशी नसले, तर घरचे लोक आपल्या परीने उत्तर शोधतात, आणि ते उत्तर प्रयोगशाळेचे क्वचितच असते.

याच हैदराबाद संस्थानातील एका तरुणाचे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. वेणू बाप्पू यांचे वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत नोकरीस होते. मुलाला आकाश पाहण्याची गोडी तेथेच लागली. तो विद्यार्थिदशेतच रूपविकारी ताऱ्यांचे, म्हणजे ज्यांचे तेज कमीअधिक होत असते अशा ताऱ्यांचे, वेध घेऊ लागला आणि त्यांवर त्याने लेखही प्रसिद्ध केले. हार्वर्ड वेधशाळेचे संचालक हार्लो शॅप्ली यांच्याशी त्याचा परिचय झाला, आणि हैदराबाद सरकारची शिष्यवृत्ती घेऊन तो १९४९ साली हार्वर्डला गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याने घेतलेल्या एका छायाचित्रात एक नवा धूमकेतू सापडला. त्याचे शिक्षक बार्ट बॉक आणि सहाध्यायी गॉर्डन न्यूकर्क यांनी त्या शोधास पुष्टी दिली, म्हणून तो धूमकेतू बाप्पू-बॉक-न्यूकर्क अशा तिहेरी नावाने ओळखला जातो. पुढे बाप्पू १९५३ साली स्वदेशी परतले, १९६० मध्ये कोडाईकनालच्या वेधशाळेचे प्रमुख झाले आणि तमिळनाडूतील कावलूरची वेधशाळा त्यांनी उभी केली.

या हकीकतीत शॅप्लींची ओळख महत्त्वाची खरीच. तथापि त्या ओळखीच्या वेळी या तरुणाच्या हाती काय होते, हे अधिक महत्त्वाचे आहे. वेधांची वही होती, छापून आलेले लेख होते. तो रिकाम्या हाताने गेला असता तर एका थोर पाहुण्याची भेट झाली, यापलीकडे त्या प्रसंगाला काही अर्थ उरला नसता.

येथे कोणी म्हणेल की, त्याला वेधशाळा घरचीच होती, मराठवाड्यातील विद्यार्थ्याजवळ दाखविण्यासारखे काय आहे? तर पुष्कळ आहे. शहरापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे सरोवर आहे. बेसॉल्टच्या काळ्या खडकात अशनीच्या आघाताने पडलेला तो खळगा आहे, असे प्रतिपादन करणारा निबंध अमेरिकेतील ‘सायन्स’ या नियतकालिकात १९७३ साली प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून चंद्र-मंगळावरील खळग्यांचा अभ्यास करणाऱ्या देशोदेशींच्या संशोधकांचे पाय तेथे लागत आले आहेत. जून २०२० मध्ये त्या सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्म जीवांत दाखविले. पुण्याच्या प्रयोगशाळेला ते पाणी मागवावे लागते. येथील विद्यार्थ्याला ते सकाळी निघून संध्याकाळी घेऊन येता येते. ज्याला वर्षाच्या बारा महिन्यांतील लोणारच्या पाण्याच्या क्षारतेची नोंद स्वतःच्या हाताने करता आली, त्याच्या पत्राला जगातील कोणत्याही तज्ज्ञाला उत्तर द्यावेसे वाटेल. पैठणच्या नाथसागरावर येणाऱ्या पक्ष्यांची किंवा गोदावरीतील माशांची गोष्ट अशीच.

विद्यापीठाच्या आवारातच याचा एक पुरावा उभा आहे. प्राण्याच्या पेशीतील एका ठराविक जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचून त्याची जात ओळखावी, अशी पद्धती कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ साली सुचविली. दुकानातील मालावर जशी काळ्या रेघांची खूण असते तशी ही प्रत्येक जातीची खूण, म्हणून तिला डीएनए बारकोडिंग म्हणतात. त्याच हेबर्ट यांच्या नावाचे या विषयाचे केंद्र छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात आहे. कॅनडातील पद्धती आणि मराठवाड्यातील जीवसृष्टी यांची येथे जोड जमली आहे, कारण दोन्ही पक्षांकडे देण्याजोगे काही होते.

आता पत्राविषयी. अनोळखी शास्त्रज्ञाला पत्र लिहिणे हे विद्यार्थ्याला मोठे धाडस वाटते, आणि पुष्कळदा ते तो अशा रीतीने करतो की त्यापेक्षा न केलेले बरे. ‘आदरणीय महोदय, आपल्या जगप्रसिद्ध प्रयोगशाळेत मला संधी द्यावी’ असा एकच मजकूर चाळीस जणांना धाडला, तर चाळीस जणही तो एकाच रीतीने वाचतात, म्हणजे वाचीत नाहीत. ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ च्या जून महिन्यात आइन्स्टाइनना पत्र लिहिले, त्यासोबत आपला निबंध होता आणि मागणे नेमके होते : हा वाचावा, आणि योग्य वाटल्यास जर्मन नियतकालिकात छापविण्याची व्यवस्था करावी. आइन्स्टाइननी त्याचा स्वतः जर्मन अनुवाद केला. चांगल्या पत्राचे सारे घटक या एका पत्रात सापडतात. पत्र पंधरावीस ओळींचे असावे. त्यांचा कोणता निबंध वाचला, त्यात कोठे अडले, स्वतः काय करून पाहिले, आणि हवे आहे ते नेमके काय, एवढेच त्यात असावे. इंग्रजी साधे असले तरी चालते. दुसऱ्याकडून लिहवून घेतलेले अलंकारिक इंग्रजी मात्र पहिल्या भेटीतच उघडे पडते.

उत्तर न आले तर? दोनतीन आठवडे वाट पाहून एकदा आठवण द्यावी आणि मग दुसरे दार पाहावे. रामानुजनांनी १९१३ साली हार्डी यांना पत्र लिहिण्यापूर्वी केंब्रिजच्याच इतर गणितज्ञांना लिहून पाहिले होते व त्यातून काही निष्पन्न झाले नव्हते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते.

पत्राइतकेच परिषदेचे महत्त्व आहे. पण परिषदांना अलीकडे एक विलक्षण रोग जडला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक निबंध प्रसिद्ध करणे आणि दोन परिषदांत वाचन करणे सक्तीचे केले होते. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की, परिषद ही प्रमाणपत्र मिळण्याची जागा बनली. सकाळी नोंदणी, दुपारी भोजन, आणि भोजनोत्तर सभागृहात अध्यक्ष, वक्ता व त्याच्या पुढचा वक्ता एवढेच उपस्थित! पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिकेही याच पावसात उगवली. २०२२ च्या नियमांत ही सक्ती उरली नाही, परंतु सवय अद्याप गेलेली नाही.

परिषदेचा खरा उपयोग कसा करून घ्यावा, हे देवळालीच्या एका शाळामास्तरांकडून शिकावे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही, संशोधनास अनुदान नाही. छंद मात्र आकड्यांचा. ते गणिताच्या परिषदांना पदरमोड करून जात आणि आपले शोध मांडीत. पुष्कळ प्राध्यापकांना ते पोरखेळ वाटत. १९४९ साली मद्रासच्या परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुण सांगितला. तो श्रोत्यांना घरबसल्या पडताळता येईल. चारही अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. या विद्यापीठाच्या स्थापनेचे १९५८ हे वर्षच घेतले तरी चालेल. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, ९८५१; मग चढत्या क्रमाने, १५८९; आणि वजाबाकी करावी. ८२६२ येतात. त्यांचे पुन्हा तसेच करावे : ६३५४. मग ३०८७. मग ८३५२. आणि त्यानंतर ६१७४. पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च. कोणत्याही संख्येला येथे पोहोचण्यास सातांहून अधिक वजाबाक्या लागत नाहीत.

मद्रासच्या त्या सभेनंतर सव्वीस वर्षांनी, १९७५ साली, अमेरिकेच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर झाले. त्या वेळी ते निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती. ओळखीने कापरेकरांना मोठी जागा मिळाली नाही. परंतु त्यांचे काम देवळालीच्या वर्गातच विरून गेले नाही, ते परिषदांच्या आणि छापील कागदाच्या वाटेने बाहेर पडले. विद्यार्थ्याने परिषदेत निदान एका वक्त्याला व्याख्यानानंतर गाठून एक खरा प्रश्न विचारावा. शंभर माणसांना नमस्कार करण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

ओळखीचे तिसरे स्थान म्हणजे उन्हाळा. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून विद्यार्थ्यांना उन्हाळ्याचे दोन महिने नामांकित शास्त्रज्ञांकडे काम करण्यासाठी शिष्यवृत्ती देत आल्या आहेत, आणि विशेष हे की, त्या शिक्षकांनाही देतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचीही अशीच योजना चालत आली आहे. पुण्यात डॉ. जयंत नारळीकरांनी १९८८ साली उभारलेले आयुका हे केंद्र तर विद्यापीठांसाठीच आहे. तेथील योजनेनुसार विद्यापीठाचा वा महाविद्यालयाचा अध्यापक सहयोगी म्हणून काही वर्षे वेळोवेळी येऊन राहतो, काम करतो आणि परत आपल्या गावी शिकवू लागतो. अशा एका अध्यापकाच्या मागून पुढील वर्षी त्याचे दोन विद्यार्थी जातात, त्यांच्या मागून आणखी दोन. म्हणून शिफारसपत्राच्या बाबतीत जी एक प्रथा पडली आहे ती खेदजनक म्हटली पाहिजे. विद्यार्थ्याने स्वतःचे कौतुक स्वतःच लिहावयाचे आणि गुरुजींनी खाली सही करावयाची! वाचणाराला चार ओळींत ते कळते. अध्यापकाने स्वतः लिहिलेले सहा ओळींचे पत्र, त्यात विद्यार्थ्याचा एखादा उणेपणा नमूद असला तरीही, अशा दोन पानांहून अधिक वजनाचे ठरते.

दोन महिने परगावी जाण्याचा प्रश्न आला, की मुलींच्या घरी दारे लागतात. पालकांची काळजी अनाठायी असते असे नव्हे. परंतु त्यांनी कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, यांची गोष्ट आठवून पाहावी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने संपादून त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्या मुलगी आहेत म्हणून प्रवेश नाकारला. त्यांनी ठाण मांडले. अखेर एक वर्ष परीक्षाधीन ठेवून पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला, आणि त्या वर्षाच्या कामाने संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली. पुढे केंब्रिजला प्रयोगशाळेत जागा नव्हती, तेव्हा डेरेक रिक्टर यांनी आपले टेबल त्यांना दिवसा वापरण्यास दिले. ते अन्यत्र गेल्यावर रॉबिन हिल यांच्याकडे काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी आहे, हे त्यांनी दाखवून दिले. १९३९ मध्ये त्या पीएच.डी. होऊन परतल्या. बंगळूरला अडविले गेलेल्या या मुलीला केंब्रिजमध्ये एका सहकाऱ्याने आपले टेबल दिले, ते तिच्या कामाकडे पाहून.

घरच्यांना दुसरी चिंता पैशाची असते, आणि तिचे उत्तर आकड्यांत देता येते. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळविणाऱ्यास १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व घरभाडे ठरले आहे. म्हणजे संशोधक विद्यार्थी घरावर भार होतो ही समजूत शिष्यवृत्तीधारकाच्या बाबतीत तरी खरी नव्हे. अडचण निराळीच असते : मार्गदर्शक कोण निवडावा? येथे पाच-सहा वर्षांचा प्रश्न असतो, आणि घरी भाड्याची खोली घेतानाही जेवढी चौकशी होते तेवढीही येथे होत नाही. त्या प्रयोगशाळेतील पूर्वीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, सध्या कोठे आहेत, मार्गदर्शक त्यांचे लेखन वेळेवर वाचीत का, हे त्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. ते बहुधा खरे सांगतात.

सर्वांनीच संशोधक व्हावे असेही नाही. चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत औषधांचे मोठे कारखाने आहेत आणि रसायनशास्त्राच्या पदवीधरांना तेथे काम मिळते. विद्यापीठ व कारखाना एकाच शहरात. तरी कारखान्यातील प्रयोगशाळेत दिवसभर काय करतात, हे एम.एस्सी.च्या वर्गाला ठाऊक नसते. त्याच वर्गात पाच वर्षांपूर्वी बसलेला कोणी तेथे पाळीवर असतो. त्याला एका रविवारी चहाला बोलावून बोलते करण्यास कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

मराठवाड्याच्या विद्यार्थ्यांनी आणखी एका ठिकाणाकडे लक्ष ठेवावे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथाजवळ गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा उभी राहावयाची आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अशी दोन यंत्रे अमेरिकेत आहेत, आणि त्यांनीच २०१५ साली दोन कृष्णविवरांच्या मिलनातून निघालेला तरंग प्रथम टिपला. औंढ्याच्या वेधशाळेला लेसर सांभाळणारे, निर्वात नळ्या जुळविणारे, संगणक चालविणारे आणि भूकंपमापक वाचणारे तरुण लागतील. हे काम आयुका, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यांच्याकडून चालते. छत्रपती संभाजीनगरहून औंढा जालन्याच्या वाटेने दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. परंतु तेथे पोहोचण्याची वाट पुणे, इंदूर आणि गांधीनगरच्या प्रयोगशाळांतून जाते, आणि तेथील दारावर लावण्याचे पत्र या उन्हाळ्याआधी लिहावे लागेल.